दोन विरोधी रंगांतून खोलीसाठी एक निवडताना

खोलीला गेरूसारखा तांबूस रंग द्यावा की निळसर राखाडी, असा प्रश्न पडला की बहुतेक जण शेडकार्डावरचे दोन चौकोन शेजारी शेजारी धरून पाहतात आणि तुलना नेमकी तिथेच फसते. परस्परविरोधी रंग एकमेकांना खेटून ठेवले की दोन्ही असतात त्याहून अधिक उठावदार दिसतात. पॅरिसच्या गोब्लँ विणकाम कारखान्यात काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती, तेव्हा दोष धाग्यात नसून शेजारच्या रंगांत आहे, हे रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी ओळखले आणि १८३९ मध्ये सविस्तर मांडले.

म्हणून दोन्ही रंगांचे लहान डबे आणावेत, दोन फूट लांबी-रुंदीच्या दोन जाड पुठ्ठ्यांवर कडेने दोन इंच पांढरी पट्टी सोडून प्रत्येकी दोन हात द्यावेत आणि रात्रभर वाळू द्यावे. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत बराच फरक पडतो. थेट भिंतीवर नमुना लावू नये, कारण भोवतालचा जुना रंग डोळ्याला फसवतो.

आता एका वेळी एकच पुठ्ठा खोलीत ठेवावा. तो खिडकीसमोरच्या भिंतीवर आणि नंतर खिडकीच्याच भिंतीवर उभा लावून सकाळी, दुपारी चारनंतर आणि दिवे लागल्यावर पाहावा. आमच्या पश्चिमेच्या खोलीत सकाळी शांत, स्वच्छ वाटणारा निळसर राखाडी संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात मातकट झाला, तर गेरू अक्षरशः पेटून उठला. दिव्यांचेही तसेच आहे: २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे दिव्याच्या प्रकाशाच्या रंगछटेचे माप) पिवळसर बल्ब गेरूला ऊब देतो, ६५०० केल्विनचा पांढरा दिवा त्याचे तेज घालवतो. त्यामुळे खोलीत कायम राहणारे दिवे आधी ठरवावेत, रंग नंतर. पुठ्ठा फरशीला टेकवून, पडद्याला लावूनही पाहावा. फरशी बदलणार नसते.

दोन्ही रंग एकाच खोलीत वापरायचे असतील तरच पुठ्ठे कोपऱ्यात काटकोनात एकत्र उभे करावेत. अशा वेळी गडद रंग एका भिंतीपुरता ठेवणे मला योग्य वाटते, कारण चारही भिंतींवर तो बराच उजेड शोषून घेतो.

निवड झाल्यावर छटेचा क्रमांक आणि मॅट की चकचकीत हे पुठ्ठ्याच्या मागे लिहावे, आणि संपूर्ण खोलीचा रंग एकाच वेळी मिसळून घ्यावा.