बुद्धिमत्ता चाचणीत हातातले गुण घालवणाऱ्या चुका: तलाठी, पोलीस भरती, राज्यसेवा, रेल्वे

२०२३ च्या तलाठी भरतीचा पेपर आठवा. १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन-अंकगणित, प्रत्येकाचे २५ प्रश्न. साडेचार हजारांवर जागा आणि अर्ज दहा लाखांहून जास्त. अशा भरतीत अर्धा गुणसुद्धा मेरिट यादीत तुम्हाला कितीतरी नावं मागे टाकू शकतो.

सामान्य ज्ञानात काय विचारतील याचा नेम नसतो. बुद्धिमत्तेत तसं नाही. संख्यामालिका, सांकेतिक भाषा, दिशा, नातेसंबंध, रांगेतला क्रम, बैठक व्यवस्था, वेन आकृती, घड्याळ-कॅलेंडर आणि अंकगणितात शेकडेवारी, सरासरी, काळ-काम-वेग, नफा-तोटा, व्याज. फिरून फिरून हेच प्रकार येतात. भरतीच्या सगळ्या पेपरांत केलेल्या सरावाचं सर्वात हमखास फळ देणारा विभाग हाच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही वर्ष-वर्ष अभ्यासिकेत बसलेल्या पोरापोरींचे गुण इथेच गळतात. बहुतेक वेळा प्रश्न येत असतो आणि तरी चुकतो. म्हणून या चुका जरा तपशिलात.

जाहिरात न वाचता जुन्या भरतीच्या सवयीने पेपर देणं

नकारात्मक गुण आहेत की नाहीत, असले तर किती, हे परीक्षेगणिक बदलतं आणि त्यावर पेपर सोडवण्याची सगळी पद्धत अवलंबून असते. तलाठी भरतीत आणि पोलीस शिपाई भरतीच्या लेखीत नकारात्मक गुण नव्हते. अशा पेपरात एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे स्वतःच्या हाताने गुण टाकून देणं. शेवटची दोन-तीन मिनिटं उरलेल्या प्रश्नांवर खुणा करायला राखून ठेवा, मग उत्तर येत असो वा नसो.

राज्यसेवेत आणि बँकेच्या परीक्षांत चुकीच्या उत्तराला पाव भाग गुण कापतात, रेल्वेच्या संगणक परीक्षेत एक तृतीयांश. हिशेब करून पाहा. चार पर्यायांत डोळे झाकून खूण केली तर चार वेळांत एकदा बरोबर, तीनदा चूक. पाव भाग कपात असेल तर चार प्रश्नांत एका प्रश्नाचे गुण मिळतात आणि पाऊण प्रश्नाचे जातात, म्हणजे हाती जवळपास काही लागत नाही. एक तृतीयांश कपातीत तर मिळालेलं आणि गेलेलं सारखंच. पण दोन पर्याय खात्रीने खोडता येत असतील तर चित्र बदलतं. दोन प्रश्नांत एक बरोबर, एक चूक, आणि पाव कपातीतही पाऊण प्रश्नाचे गुण शिल्लक. त्यामुळे ‘रिस्क घ्यायची की नाही’ असं मोघम ठरवू नका. किती पर्याय खोडता आले, एवढंच पाहा.

तलाठीसारख्या सरळसेवा भरतीत (लेखी परीक्षेतून थेट नेमणूक) आणखी एक अट अनेकांच्या नजरेतून सुटते. गुणवत्ता यादीत येण्यासाठी एकूण गुणांच्या किमान ४५ टक्के गुण लागतात, म्हणजे २०० पैकी ९०. जागा कितीही असोत, त्याखाली नाव लागत नाही.

गणित शेवटी ठेवणं

‘आधी मराठी, जीके उरकू, मग निवांत गणित करू.’ निवांतपणा कधीच मिळत नाही. तलाठीच्या पेपरात एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद येतात, पोलीस शिपाई लेखीत १०० प्रश्नांना ९० मिनिटं म्हणजे ५४ सेकंद. जीकेचा प्रश्न येतो किंवा येत नाही, दहा-पंधरा सेकंदांत विषय संपतो. पण तिथेच ‘कुठेतरी वाचलंय’ म्हणून लोक मिनिटभर घुटमळतात आणि ती मिनिटं गणितातून वजा होतात. हा खरा तोटा.

मला फेऱ्यांची पद्धत सर्वात भरवशाची वाटते. बुद्धिमत्तेच्या पहिल्या फेरीत फक्त असे प्रश्न घ्या ज्यांचा रस्ता वाचताक्षणी दिसतो. लांबलचक बैठक व्यवस्था, तीन नळांची टाकी, कोष्टकावरचे प्रश्न दुसऱ्या फेरीला. दीड मिनिट झालं आणि उत्तर दिसत नाही, तर पुढे जायचं. सगळ्या प्रश्नांना सारखेच गुण असताना एकाशीच झुंजत बसण्यात काही अर्थ नाही.

पोलीस भरतीत ही चूक आणखी आधी सुरू होते. ग्राउंड ५० गुणांचं, लेखी १०० गुणांची, आणि मेरिट दोन्ही मिळून लागतं. तरी कितीतरी मुलं ग्राउंड निघेपर्यंत अंकगणिताला हात लावत नाहीत. मैदानी चाचणीतून जागांच्या दहापट उमेदवार लेखीला बोलावले जातात. त्या गर्दीत ग्राउंडचे गुण बऱ्याच जणांचे जवळजवळ असतात, आणि फरक पडतो तो लेखीत. सकाळी १६०० मीटर मारून आल्यावर तासभर गणित, हे पहिल्या दिवसापासून हवं.

प्रश्न पूर्ण न वाचणं

पेपर काढणाऱ्याला माहीत असतं की घाईत उमेदवार कुठे घसरणार, आणि ते चुकीचं उत्तर तो पर्यायांत मुद्दाम ठेवतो. एक माणूस गावाहून तालुक्याला ताशी ४० किलोमीटरने गेला आणि ताशी ६० ने परतला, सरासरी वेग किती? घाईत ५० वर खूण होते. अंतर १२० किलोमीटर धरा. जायला ३ तास, यायला २ तास, एकूण २४० किलोमीटर ५ तासांत. उत्तर ४८. कमी वेगाच्या प्रवासात वेळ जास्त जातो, म्हणून सरासरी नेहमी कमी वेगाकडे झुकते. एवढं डोक्यात बसलं की सूत्र विसरलं तरी ५० वर हात जात नाही.

रांगेतला मुलगा समोरून बारावा आणि मागून अठरावा असेल तर रांगेत २९ जण, कारण तो स्वतः दोनदा मोजला गेला. पर्यायांत ३० असतोच. किंमत २० टक्क्यांनी वाढून पुन्हा २० टक्क्यांनी उतरली तर ती मूळपदावर येत नाही. शंभराचे एकशेवीस, आणि एकशेवीसच्या २० टक्के म्हणजे २४ गेले, उरले ९६.

तर्काच्या प्रश्नात सर्वात जास्त घात होतो तो आपल्या ओळखीच्या जगामुळे. ‘सर्व शिक्षक पदवीधर आहेत. काही पदवीधर शेतकरी आहेत. निष्कर्ष: काही शिक्षक शेतकरी आहेत.’ गावात शेती करणारे गुरुजी आपण रोज पाहतो, म्हणून निष्कर्ष बरोबर वाटतो. वर्तुळं काढा. शिक्षकांचं वर्तुळ पदवीधरांच्या आत. शेतकऱ्यांचं वर्तुळ पदवीधरांना छेदतं, पण शिक्षकांना स्पर्श न करताही ते छेदू शकतं. म्हणून निष्कर्ष निघत नाही. ‘काही’ असलेला प्रत्येक प्रश्न कागदावर वर्तुळं काढूनच सोडवा, तोंडी नको.

‘अयोग्य विधान ओळखा’, ‘यांपैकी कोणता गटात बसत नाही’, ‘नाही’, ‘वगळता’. असा नकार दिसला की कच्च्या कागदावर प्रश्न क्रमांकापुढे फुली मारून ठेवा. उत्तर निवडताना ती डोळ्यासमोर राहते.

ट्रिकच्या मागे लागणं

व्हिडिओत पाच सेकंदांत उत्तर निघतं, कारण शिकवणाऱ्याने ट्रिकला जुळणाराच प्रश्न निवडलेला असतो. परीक्षेत आकडा किंवा अट थोडी बदलली की ट्रिक कोलमडते आणि मूळ पद्धत तर शिकलेलीच नसते. काही ट्रिका मात्र नक्की पाठ असाव्यात. सांकेतिक भाषेसाठी ‘इजोटी’ सगळ्यांना माहीत असते: इ ५, जे १०, ओ १५, टी २०, वाय २५. अक्षराचा उलटा क्रमांक हवा असेल तर २७ मधून वजा करा. याच्या जोडीला ३० पर्यंत पाढे, ३० पर्यंत वर्ग, १५ पर्यंत घन आणि अपूर्णांकांची शेकडेवारी (एक अष्टमांश म्हणजे साडेबारा टक्के, अशी). परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो. घरी मोबाईलवर गुणाकार करणाऱ्याचा हात परीक्षेत जड होतो, म्हणून सरावात एकही गुणाकार मोबाईलवर नको.

मॉक देणं, पण तपासणं नाही

मॉक (सराव पेपर) दिला, ६८ आले, दुसरा लावला, ७१ आले, तिसरा. यातून गुण वाढत नाहीत. दोन तासांच्या मॉकला तितकाच वेळ तपासणीसाठी द्यायला हवा, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहायला हवं: पद्धतच माहीत नव्हती, प्रश्न चुकीचा वाचला, आकडेमोड चुकली, की वेळ पुरला नाही. चार मॉकनंतर वही काय सांगते ते बघा. आकडेमोडीच्या चुका जास्त असतील तर नवीन धडा उघडण्यात हशील नाही, रोज वीस मिनिटं नुसती बेरीज-गुणाकाराची गती वाढवा. वाचण्यातल्या चुका जास्त असतील तर प्रश्नाचं शेवटचं वाक्य आधी वाचायची सवय लावा, म्हणजे काय शोधायचं ते माहीत करून बाकीची माहिती वाचता येते. वेळ पुरत नसेल तर बहुतेकदा दोन-तीन प्रश्नच दहा-बारा मिनिटं खातात. ते कोणते, ते हुडकून काढा.

बरोबर आलेले पण अंदाजाने टिक केलेले प्रश्नही वहीत घ्या. ते गुण खरे नव्हेत, पुढच्या वेळी हमखास जातील.

स्क्रीन आणि ओएमआर

संगणकावरच्या परीक्षेत पर्याय निवडून थेट उजवीकडच्या प्रश्न क्रमांकावर क्लिक केलं तर उत्तर जतन होत नाही. ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ दाबावंच लागतं. सूचनांत हे लिहिलेलं असतं, पण सुरुवातीची ती मिनिटं लोक इकडेतिकडे बघण्यात घालवतात. ‘मार्क फॉर रिव्ह्यू’ केलेलं उत्तर धरलं जाणार का, हेही तिथेच वाचून घ्या. परीक्षा घेणाऱ्यांनी मॉक लिंक दिली असेल तर ती मोबाईलवर न सोडवता सायबर कॅफेत माऊसवर सोडवा.

ओएमआरवर, म्हणजे गोळे रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, प्रश्नपत्रिकेचा संच आधी रंगवा. शेवटच्या दहा मिनिटांत शंभर गोळे रंगवायचा बेत आखू नका. एक ओळ सरकली की पुढची सगळी उत्तरं सरकतात. पानागणिक रंगवत चला.

ओळखपत्र मूळ हवं, झेरॉक्स चालत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी अर्जातलं आणि ओळखपत्रावरचं नाव जुळतं का, हे अर्ज भरतानाच पाहावं आणि नावबदलाचा पुरावा सोबत ठेवावा. अभ्यास करून गेटवरून परत यावं लागणं फार वाईट.

सीसॅट ‘फक्त पात्रतेपुरता’ समजणं

राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, म्हणजे सीसॅट, आता ३३ टक्क्यांच्या पात्रतेचा आहे: ८० प्रश्न, २०० गुण, लागतात ६६. ऐकायला सोपं. पण एका प्रश्नाला अडीच गुण आणि पाव कपात. ३० बरोबर आणि १४ चूक म्हणजे ६६.२५, पास. ३० बरोबर आणि १५ चूक म्हणजे ६५.६२५, नापास, आणि पहिल्या पेपरात कितीही गुण असले तरी उपयोग शून्य. निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना नकारात्मक गुण नसतात, ते कधीच सोडू नका. उताऱ्यांवर स्वतःच्या ज्ञानातून उत्तर देऊ नका. उताऱ्यात ‘विहिरी वाढल्या’ आणि ‘भूजल खाली गेलं’ एवढंच असेल, तर ‘विहिरींमुळे भूजल खाली गेलं’ हा पर्याय आपल्याला पटला तरी उताऱ्याने ते म्हटलेलं नाही.

रेल्वेच्या लोको पायलटची वेगळी चाचणी

सहाय्यक लोको पायलटच्या भरतीत संगणक परीक्षांनंतर सीबॅट (संगणकावरची अभियोग्यता चाचणी) असते. त्यात स्मरणशक्ती, सूचना पाळणं, खोलीचा अंदाज, एकाग्रता आणि नजरेची चपळाई तपासतात. प्रत्येक चाचणीत किमान ४२ टी-स्कोअर (इतरांच्या तुलनेत काढलेले गुण) लागतो, कोणत्याही प्रवर्गाला सवलत नाही. एका चाचणीत कमी पडलं की बाकीच्या चारांतलं यश वाया जातं. आवडती चाचणीच घोटत बसू नका. ही चाचणी हिंदी आणि इंग्रजीतच होते, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलांनी सूचना त्या भाषेत वाचायचा सराव करावा. रेल्वेची संशोधन संस्था आरडीएसओच्या संकेतस्थळावर नमुने मिळतात. दृष्टीचा विहित नमुन्यातला दाखला त्याच दिवशी लागतो, आदल्या दिवशी नेत्रतज्ज्ञ शोधत फिरू नका.

पेपर झाल्यावर

तलाठीचा पेपर ५७ शिफ्टमध्ये झाला. इतक्या शिफ्टचे पेपर सारखे अवघड असू शकत नाहीत, म्हणून नॉर्मलायझेशन होतं, म्हणजे सगळ्या शिफ्टचे गुण एका पातळीवर आणले जातात, आणि त्यातूनच २०० पैकी २१४ गुण दिसल्याने जानेवारी २०२४ मध्ये गदारोळ झाला. उमेदवारासाठी यातून दोन गोष्टी निघतात. पेपर अवघड गेला तर तो तुमच्या शिफ्टमध्ये सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो, म्हणून हॉलमध्ये हातपाय गाळू नका. आणि तुमचे मूळ गुण दुसऱ्या शिफ्टच्या मित्राच्या मूळ गुणांशी ताडून पाहू नका.

रिस्पॉन्स शीट (तुम्ही दिलेल्या उत्तरांची प्रत) आली की लगेच पीडीएफ उतरवून ठेवा, लिंक ठरावीक दिवसच चालू असते. आन्सर कीमध्ये (उत्तरतालिकेत) बुद्धिमत्तेचं उत्तर चुकलं असेल तर हरकत घेणं सगळ्यात सोपं, कारण कृती मांडून दाखवता येते. मुदतीत, शुल्क भरून, पूर्ण कृतीसह हरकत नोंदवा. शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी घेईल म्हणून थांबू नका.