चहा मुरेपर्यंतची 3 मिनिटं
फोन दुसऱ्या खोलीत ठेवूनच मी पाणी तापवायला ठेवते. मग फक्त ऐकायचं. तळाशी बुडबुडे धरू लागले की भांडं सूं सूं करतं आणि उकळी फुटण्याच्या जरा आधी तो आवाज मंदावतो. तो क्षण कानांनी टिपायचा. माझं भिरभिरणारं मन तिथेच पहिल्यांदा थांबतं.

200 मिली पाण्याला 2 ग्रॅम पत्ती. हिरव्या चहासाठी पाणी 80 अंशांपर्यंत निवू द्या, कढत पाण्यात तो कडू होतो. काळ्याला उकळतं चालतं.

झाकण ठेवा, टायमर लावा आणि श्वास मोजा. काळ्या चहाच्या 3 मिनिटांत माझे साधारण 30 होतात, धावपळीच्या दिवशी 45. मोजणी चुकली की न चिडता पुन्हा एकपासून. गाळल्यावर पहिला घोट लगेच गिळू नका, जिभेवर धरा.