ओझे ओढण्यासाठी जुना डिझेल पिकअप नव्याने कसा बांधावा

जुना डिझेल पिकअप ट्रेलर ओढायला लावायचा ठरला की बहुतेकजण आधी ताकद वाढवायच्या मागे लागतात. पंपाचे इंधन वाढवतात, टर्बोचा दाब वाढवतात आणि मग उरलेल्या पैशांत रेडिएटरकडे पाहतात. हा क्रम उलटा आहे. रिकामी गाडी पूर्ण ताकद क्वचितच आणि क्षणभरच मागते. मागे ओझे असले म्हणजे मात्र तेच इंजिन लांब चढावर कितीतरी वेळ सलग पूर्ण भाराखाली चालते, आणि त्या वेळात तयार झालेली उष्णता बाहेर टाकता आली नाही, तर वाढवलेली ताकद इंजिनाच्याच जिवावर उठते. म्हणून ही बांधणी उष्णता आणि ब्रेक यांच्या हिशोबाने करावी. ताकदीचा विचार सर्वांत शेवटी.

गाडी स्टँडवर घेणे, तेल-पाणी काढणे, वायरिंगला खुणा करणे हे वाचकाला येते आणि आपल्या इंजिनाची दुरुस्ती-पुस्तिका त्याच्या हाताशी आहे, असे मी गृहीत धरतो. पुस्तिका नसेल तर ती मिळेपर्यंत पान्याला हात लावू नये.

इंजिन खोलण्याआधी चेसिस तपासावी. मागच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) हँगर आणि हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा आकडा, बसते ती जागा हातोडीने ठोकून पाहावी. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला किंवा गंजाचे पापुद्रे सुटले, तर ती गाडी ओझ्यासाठी घेऊच नये. वरून रंग मारलेली कुजकी चेसिस ट्रेलरचे झटके सोसत नाही.

इंजिनाचा खालचा भाग कष्टाचा आहे, अवघड नाही. बोअर आणि क्रँक मशीन शॉपमधून मोजून घ्यावेत, बेअरिंगमधली फट तपासावी, रिंगची फट प्रत्येक सिलिंडरमध्ये वेगळी मोजावी, ऑइल पंप नवा घालावा आणि नोझल टेस्ट बेंचवर लावून त्यांचा फवारा व उघडण्याचा दाब पाहावा.

हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, ब्लॉकवर बसवणे हा या कामातला खरा कसोटीचा टप्पा आहे. सुरुवातीच्या काळात याच टप्प्याने मला सर्वांत जास्त छळले, आणि चुकीचे सल्लेही याच ठिकाणी सर्वांत जास्त मिळतात. ओझे ओढणाऱ्या इंजिनात हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या गॅस्केटवर दाब आणि तापमान दोन्ही दीर्घकाळ चढलेले राहतात. साध्या वापरात वर्षानुवर्षे तग धरणारी किरकोळ चूक इथे पहिल्याच मोठ्या चढावर उघडी पडते.

पहिली गोष्ट स्वच्छतेची. ब्लॉकचा पृष्ठभाग साफ करायला ड्रिलवर किंवा ग्राइंडरवर घासण्याची चकती लावू नये. चकतीतून सुटणारी बारीक कणी तेलाच्या वाटांत शिरते आणि नवी बेअरिंग थोड्याच दिवसांत खाऊन टाकते. शिवाय पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात. धारदार सपाट पाते, गॅस्केट सोडवणारे द्रावण आणि संयम एवढेच पुरते. त्यानंतर सरळपट्टी उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फीलर गेज (ठरावीक जाडीचे पातळ पाते) घालून पाहावा. अनेक इंजिनांत ०.०५ मिलिमीटरचे पाते आत सरकू लागले की हेड मशीनवर न्यावे लागते. नेमकी मर्यादा पुस्तिकेतली पाळावी. हेड प्लेन करून आणल्यावर व्हॉल्व्ह हेडच्या पातळीपासून किती आत बसले आहेत हे पुन्हा मोजावे, कारण डिझेलमध्ये पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात जागा मुळातच फार थोडी असते. हेडची प्रेशर टेस्ट न करता ते परत घेऊ नये. दोन व्हॉल्व्हच्या सीटमधली केसासारखी चीर साध्या डोळ्यांना दिसत नाही.

आता गॅस्केटची जाडी. पुष्कळ डिझेल इंजिनांसाठी एकाच गॅस्केटच्या दोन-तीन जाडी मिळतात आणि ती जाडी कडेला असलेल्या खाचांवरून किंवा भोकांवरून ओळखायची असते. ‘जुन्या गॅस्केटवर जितक्या खाचा, तितक्याच खाचांचे नवे आणा’ हा सल्ला मी आजवर असंख्य वेळा ऐकला आहे आणि तो धोक्याचा आहे. नवे पिस्टन घातले असतील किंवा ब्लॉक प्लेन केला असेल, तर पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो हे माप बदललेले असते. गॅस्केट पातळ निघाले तर पिस्टन हेडला लागतो; जाड निघाले तर कॉम्प्रेशन घटते, थंडीत गाडी उठत नाही आणि भाराखाली धूर करते.

हे माप डायल गेजने घ्यावे. गेजचा पाया ब्लॉकवर ठेवून काटा ब्लॉकच्याच पृष्ठभागावर शून्यावर आणावा आणि मग टोक पिस्टनवर न्यावे. मात्र ते पिस्टनच्या पिनच्या बरोबर वर, तिच्या रेषेत ठेवावे. पिस्टन पिनभोवती किंचित डुलतो, त्यामुळे बाजूला टेकवलेला गेज मिलिमीटरच्या काही शतांशांनी फसवतो आणि इथे निर्णय नेमका त्याच शतांशांवर होतो. क्रँक हळूहळू फिरवत न्यावा. काटा चढत चढत क्षणभर थांबतो आणि उलटा फिरू लागतो, तो थांबण्याचा आकडा लिहून घ्यावा. प्रत्येक पिस्टनवर पिनच्या रेषेतच पुढे आणि मागे अशी दोन मापे घ्यावीत, आणि एकही सिलिंडर ‘तोही तसाच असेल’ म्हणून सोडू नये. सर्वांत मोठे माप धरायचे की सरासरी, हे पुस्तिका सांगेल तसे करावे.

वेट लाइनरचे (सिलिंडरच्या बदलता येणाऱ्या, बाहेरून थेट पाणी लागणाऱ्या नळ्यांचे) इंजिन असेल तर लाइनर ब्लॉकच्या काही शतांश मिलिमीटर वर उभे असले पाहिजेत आणि शेजारच्या लाइनरमध्ये पुस्तिकेतल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक नसावा. मोजण्याआधी लाइनर क्लॅम्पने खाली दाबून धरावा, नाहीतर खालच्या रबरी रिंगा त्याला उचलून धरतात आणि माप खोटे येते. एखादा लाइनर खाली बसला असेल, तर कितीही महाग गॅस्केट घातले तरी ते तिथेच जळणार.

गॅस्केट कोरडेच बसवावे. पुस्तिकेत नसेल तिथे पेस्ट फासणे म्हणजे आपल्याच मोजमापावर अविश्वास दाखवणे आहे. बोल्टची भोके हवेने फुंकून पूर्ण कोरडी करावीत. तळाशी तेल किंवा पाणी राहिले तर बोल्ट त्यावर दाबला जातो, टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) खोटा आकडा दाखवतो आणि कधीकधी ब्लॉकलाही चीर जाते. अंशांत, म्हणजे ठरावीक कोनात फिरवून, आवळायचे बोल्ट एकदा ताणले गेले की सहसा टाकून द्यायचे असतात. शेवटच्या फेरीआधी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यावा. सगळे ठिपके एकाच दिशेने सारखे फिरलेले दिसले की कोणता बोल्ट राहून गेला का, ही शंका उरत नाही.

कूलिंगच्या बाबतीत तडजोड नको. रेडिएटर आतून साफ करून किंवा नवा घालावा, फॅन क्लच तपासावा आणि थर्मोस्टॅट नवा बसवावा. ‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील’ असे सांगणाऱ्याकडे दुर्लक्ष करावे: बऱ्याच इंजिनांत तो उघडताना बायपासची वाट बंद करतो, आणि तोच नसेल तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटर चुकवून परत इंजिनात फिरत राहतो. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असेल तर तेलाचा वेगळा कूलर आणि तापमानाचा मीटर लावावाच. तेल १२० अंश सेल्सिअसच्या वर वारंवार गेले की ते झपाट्याने खराब होते. टर्बोच्या आधी एक्झॉस्टचा पायरोमीटर (धुराचे तापमान दाखवणारा मीटर) बसवावा आणि लांब चढावर काटा ७०० अंश सेल्सिअसच्या खाली राहील असे चालवावे. तो काटा पाहिल्याशिवाय पंपाचे इंधन वाढवू नये.

डिफरन्शियलचे (मागच्या एक्सलमधल्या गिअरचे) गुणोत्तर ३.५५ च्या आसपास असेल तर ४.१० सारखे गुणोत्तर ओझ्याला जास्त सोयीचे पडते. वेग थोडा जातो, क्लच आणि गिअरबॉक्स वाचतात.

डिझेलमध्ये ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम सहसा वेगळ्या पंपातून येतो, त्यामुळे तो पंप तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत. हिचवर ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार यावा. त्याहून कमी आला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो.

नवे इंजिन तासन्‌तास जागेवर चालू ठेवण्याने ते ‘बसत’ नाही, उलट सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होऊन रिंगा बसायच्या राहून जातात. गाडी रस्त्यावर घ्यावी, भार कमी-जास्त करत चालवावी आणि पहिल्या ८०० ते १,५०० किलोमीटरपर्यंत ट्रेलर जोडू नये. त्या काळात रोज सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचा वरचा रबरी पाइप हाताने दाबून पाहावा. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा पाइप कडक लागला तर सिलिंडरचा वायू पाण्यात शिरत असल्याची दाट शक्यता असते, आणि अशा वेळी ट्रेलर जोडण्याऐवजी हेड पुन्हा उतरवावे.