जुन्या फॉक्सप्रोचा डेटा नव्या सिस्टीममध्ये नेताय? तारखांच्या या चुका टाळा

३० डिसेंबर १८९९. नव्या टेबलमध्ये ही तारीख दिसली की समजायचं, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमधली रिकामी तारीख ओएलई डीबी ड्रायव्हरमधून (डेटा वाचून देणाऱ्या मधल्या प्रोग्रॅममधून) आली आहे. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाईलमध्ये तारीख आठ अक्षरांत असते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. रिकामी असेल तर नुसत्या आठ स्पेस. ड्रायव्हर त्याचं शून्य करतो, आणि त्याच्या कॅलेंडरात शून्य नंबरचा दिवस म्हणजे ही तारीख.

एका पतसंस्थेच्या कामात ती मला भेटली 'कर्ज बंद झाल्याची तारीख' या रकान्यात. तिथे रिकामं म्हणजे कर्ज चालू. नव्या प्रोग्रॅमच्या लेखी मात्र सगळी चालू कर्जं १८९९ मध्येच फिटली होती, त्यामुळे येणे-बाकीची यादी कोरी निघाली. कोरी निघाली हे नशीबच. अर्धी निघाली असती तर कुणी वर मानही केली नसती.

रिकाम्या जागी सोयीची तारीख भरणं

ही चूक कधी आपण करतो, कधी डेटाबेस परस्पर करतो. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसला रिकामी स्ट्रिंग (मजकूर) तारखेत बदलायला सांगा, तो एररही न देता १ जानेवारी १९०० देतो. म्हणून बदलण्याआधी रिकाम्या स्ट्रिंगचा 'नलइफ' फंक्शनने नल (म्हणजे 'किंमतच नाही') करून घ्या. पण नल तरी कशाचा? गोष्ट अजून घडलीच नाही, घडली पण तारीख माहीत नाही, आणि तारीख लिहिली आहे पण ती अशक्य आहे, ही तीन वेगळी प्रकरणं. तिन्ही एकाच नलमध्ये कोंबली की पुढे वेगळी करता येत नाहीत. शेजारी कारणाचा एक छोटा कोड ठेवायला फार जागा लागत नाही.

३१ जूनला 'दुरुस्त' करणं

मुदत ठेवीच्या टेबलात ३१/०६/२००९ सापडते. तारखेच्या फील्डमध्ये ती बसलीच नसती, पण कुणीतरी कॅरेक्टर फील्ड केलं आणि मुदत काढताना महिन्याच्या आकड्यात नुसती बेरीज केली. फॉक्सप्रोत तारखेत महिने मिळवायला 'गोमंथ' फंक्शन होतं, पण ते वापरायला आठवलं पाहिजे ना! आता हीच स्ट्रिंग फॉक्सप्रोच्या, मजकुराची तारीख करणाऱ्या 'सीटीओडी'ला द्या, तो गुपचूप रिकामी तारीख देतो. जावा भाषेतला तारीख वाचणारा जुना सिंपलडेटफॉरमॅट १ जुलै देतो. जावाचाच नवा डेटटाइमफॉरमॅटर, मूळच्या सेटिंगवर, ३० जून देतो. एकच पावती, तीन उत्तरं, आणि एका दिवसाच्या व्याजासाठी ठेवीदार काउंटरवर उभा.

म्हणून पार्सर, म्हणजे मजकुरातून तारीख वाचणारा हा भाग, आधी कडक करा: जावाच्या जुन्यात लेनियंट (सैल) सेटिंग बंद, नव्यात स्ट्रिक्ट (कडक). नव्यात तारखेच्या साच्यात वर्षासाठी वाय ऐवजी यू अक्षर वापरा, नाहीतर बरोबर तारखाही नापास होतील. मग अडकलेल्या नोंदींची मुदत ठेव ठेवल्याची तारीख आणि महिने यांवरून पुन्हा काढा आणि छापील पावतीशी ताडून पाहा.

मध्ये एक्सेलला थांबा देणं

'जरा एक्सेलमध्ये उघडून बघतो' इथून निम्मे घोटाळे सुरू होतात. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर ०३/०४/२०१८ ही आपली ३ एप्रिल ४ मार्च होते, आणि १३/०४/२०१८ तारीख न होता मजकूर म्हणून तशीच राहते. ओळखायची खूण सोपी आहे: एक्सेलने तारीख मानलेल्या नोंदी सेलमध्ये उजवीकडे, मजकूर डावीकडे, आणि उजवीकडच्या एकाही तारखेत दिवस १२ च्या वर नाही. कुणी हाताने काही बदललं नसेल तर उजवीकडच्या सगळ्यांचा दिवस-महिना उलटवून घेता येतो. पण तशी खात्री कोण देणार? मूळ फाईलकडे परत जाणंच बरं.

दोन आकडी वर्षांचंही तसंच. '४५' म्हणजे एक्सेलमध्ये, विंडोजच्या जुन्या सेटिंगवर, १९४५, एसक्यूएल सर्व्हरच्या सेटिंगवर २०४५. नियम रकान्यागणिक ठरवा: जन्मतारीख भविष्यातली नसते, ठेवीची मुदत असू शकते.

एक उलटा धोकाही आहे. एकच तारीख फार वेळा आली की ती कचरा समजायची, हा नियम बाहेरच्या टीमने लावलेला मी पाहिला आहे. महाराष्ट्रातल्या सभासद यादीला तो लावू नका. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी वाटलेल्या १ जूनच्या जन्मतारखा ढिगाने आहेत, आणि कागदोपत्री त्या खऱ्याच आहेत.

लोड करताना मूळ मजकूर जसाच्या तसा वेगळ्या कॉलममध्ये ठेवा. एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून 'ट्राय_कन्व्हर्ट' आहे, तारीख बदलता आली नाही तर ते एरर न देता नल देतं. त्याला स्टाईल नंबर (तारीख कोणत्या क्रमाने लिहिली आहे ते सांगणारा आकडा) द्यायला विसरू नका, दिवस-महिना-वर्षासाठी १०३. मूळ मजकूर आहे पण बदललेली तारीख नल आहे, अशा ओळी खाते क्रमांकासह शाखेनुसार काढा आणि शाखेतल्या जुन्या क्लार्कला द्या. लेजरमध्ये बघून ते भराभर सांगतात. यादी मात्र कागदावर छापून द्या. एक्सेलमध्ये पाठवलीत तर परत येईपर्यंत तिच्यातल्याही तारखा फिरलेल्या असतील.