ओरॅकल अपडेटमधून गळणारा पैसा: आधी मोजा, मग पकडा

लेंडिंग प्रोटोकॉलमध्ये (ब्लॉकचेनवर क्रिप्टो तारण ठेवून कर्ज देणारा प्रोग्राम) ओरॅकलचा, म्हणजे बाहेरचे बाजारभाव आत आणणाऱ्या सेवेचा, नवा भाव आला की काही कर्जं त्याच क्षणी लिक्विडेशनला येतात, म्हणजे कोणीही ते कर्ज फेडून तारण बोनससकट उचलू शकतो, आणि त्या अपडेटच्या बरोबर मागे आपलंच ट्रान्झॅक्शन लागावं म्हणून बॉटवाले ब्लॉक बिल्डरला (ब्लॉकमधला ट्रान्झॅक्शनचा क्रम ठरवणारा) पैसे मोजतात. अपडेटमधून निघणाऱ्या या कमाईलाच ओईव्ही (ओरॅकल एक्स्ट्रॅक्टेबल व्हॅल्यू) म्हणतात. कर्जदाराच्या तारणातून निघालेला बोनस शेवटी बराचसा बिल्डर आणि व्हॅलिडेटरकडे (ब्लॉक मंजूर करणारे) जातो, आणि ज्या प्रोटोकॉलमुळे हे सगळं घडलं तो बघत बसतो.

तर आधी मोजा. आवे या लेंडिंग प्रोटोकॉलचं एखादं जुनं लिक्विडेशन इथरस्कॅनवर (इथेरियमचे व्यवहार दाखवणारी साइट) उघडा, लॉगमध्ये लिक्विडेशनकॉल इव्हेंट शोधा, त्यात किती कर्ज फेडलं आणि किती तारण उचललं ते दिसतं. समजा १,००,००० डॉलर फेडून ५% बोनसने १,०५,००० चं तारण घेतलं, म्हणजे ढोबळ ५,००० सुटले, त्यातून गॅस (व्यवहाराची फी) आणि स्वॅपमधलं स्लिपेज (तारण विकताना भावात बसणारा फटका) वजा करा. मग त्याच ब्लॉकमध्ये लगेच आधीचं ट्रान्झॅक्शन ओरॅकल अपडेटचं आहे का बघा, आणि इंटर्नल ट्रान्झॅक्शनमध्ये बिल्डरला किती दिले ते बघा (कधी कधी ते प्रायॉरिटी फीमध्येच, म्हणजे गॅसवरच्या जादा टिपमध्ये असतात, तीही धरा). बिल्डरला दिलेला हा शेवटचा आकडा म्हणजे तुमच्या प्रोटोकॉलची गळती, बोनसचा अख्खा आकडा नाही. बरेच जण इथेच फसतात आणि प्रोटोकॉलच्या मतदानात फुगवलेलं प्रपोजल टाकतात.

पकडायचे मार्ग आहेत. उमा या ओरॅकल प्रोजेक्टचं ओव्हल २०२४ मध्ये आलं, चेनलिंक या ओरॅकल सेवेचं एसव्हीआर त्यानंतर. दोन्हीत सुरुवातीला अपडेटच्या मागची जागा फ्लॅशबॉट्सच्या एमईव्ही-शेअर या लिलाव व्यवस्थेतून लिलावात निघायची आणि बोलीचा भाग प्रोटोकॉलला परत यायचा. आवेबरोबर एसव्हीआरची सुरुवातीची वाटणी ६५% आवे, ३५% चेनलिंक अशी ठरली होती.

सगळे या टक्क्यांवरच भांडतात. माझ्या मते पहिला प्रश्न उशिराचा: लिलावात भाव अडकला तर किती ब्लॉकनंतर साधा फीड (लिलावाशिवाय येणारा भाव) आपोआप लागू होतो? मार्केट धाडकन कोसळतं तेव्हा हेच थोडे ब्लॉक बॅड डेट (तारणातून न भरून निघणारं कर्ज) तयार करतात, आणि एका वाईट दिवसाचं नुकसान वर्षभराची कमाई खाऊन टाकू शकतं. म्हणून खोल लिक्विडिटीच्या (भाव फार न हलता मोठी खरेदी-विक्री होणाऱ्या) एक-दोन मार्केटवर आधी लावा, बाकीचे जुन्या फीडवरच राहू द्या.

बोनसच कमी केला तर? शांत मार्केटमध्ये चालून जाईल, पण पातळ लिक्विडिटीच्या टोकनवर घसरणीत बॉट फिरकणारच नाहीत.

लाइव्ह झाल्यावर दर लिक्विडेशनला वरचाच हिशोब पुन्हा लावा, परत आलेली रक्कम भागिले गळती. आणि बोली लावणारे किती वेगवेगळे पत्ते आहेत तेही मोजा, एकच बॉट जिंकत असेल तर बोली पडेल भावाची असणार आणि ६५ काय नि ८० काय, हातात फुटाणेच येतील.