जहाजाचं मॉडेल बांधताना पुट्टीचा डबा उघडण्याआधी या चुका टाळा

किटमधून जहाज बांधताना चूक होते एकीकडे आणि दिसते भलतीकडे. नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळ, फळ्यांमध्ये फटी पडतात, पण बिघाड आतल्या फ्रेममध्ये असतो. डेक बसत नाही, पण आत ओढली गेलेली असते हलची, म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या कवचाची, भिंत. म्हणून फट दिसली की पुट्टी भरायची, ही सवय फार महागात पडते. त्यातून स्केल अजिबात दयाळू नाही. १:३५० वर एक मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या जहाजावर ३५ सेंटिमीटरचं भगदाड, आणि १:७०० वर तीच ७० सेंटिमीटरची.

लाकडी हल: फळ्यांना दोष देऊ नका

बहुतेक लाकडी किटमध्ये प्लायवूडचा सपाट कणा असतो, त्याच्या खाचांमध्ये आडव्या फ्रेम बसतात आणि वरून फळ्या चढतात. काहीही चिकटवण्याआधी कण्याच्या कडेवरून एक डोळा मिटून बघा. त्याला बाक असेल तर अख्खं जहाज वाकडं होणार आणि नंतर ते सुधारता येत नाही. बाक थोडा असेल तर प्लायवूड ओलसर करून सपाट जागी वजनाखाली वाळवा, आणि फ्रेम बसवताना कोपऱ्यांत काटकोनी ठोकळे चिकटवा.

पुढची चूक सर्रास होते. लेसरने कापलेल्या फ्रेमच्या कडा काटकोनात असतात, पण जहाज नाळेकडे आणि मागे निमुळतं होत जातं. त्या कडा घासून तिरक्या केल्या नाहीत तर फळी फ्रेमच्या एकाच कोपऱ्यावर टेकते. मग गोंद धरत नाही, फळी उचलली जाते आणि शेजारच्या फळीशी पायरी तयार होते. तपासायला एक लवचीक पट्टी एका वेळी तीन-चार फ्रेमवर धरा. ती प्रत्येक फ्रेमच्या पूर्ण जाडीवर टेकली पाहिजे. खालून उजेड दिसला तर शेजारच्या फ्रेमची उंची घासा किंवा त्या फ्रेमवर पातळ चिपटी चिकटवून भर घाला. नाळेजवळच्या पहिल्या फ्रेमच्या मधे बाल्साचे (हलक्या, मऊ लाकडाचे) ठोकळे भरून त्यांना आकार दिला तर फळ्यांना टेकायला सलग जागा मिळते. सूचनापत्रकात हे नसलं तरी करा.

फळ्यांच्या रुंदीचा हिशोबही आधीच करायला हवा. मधल्या फ्रेमवर गोलाईची लांबी जास्त असते, नाळेवर बरीच कमी. पूर्ण रुंदीच्या फळ्या नाळेवर मावत नाहीत, मग त्या कडेच्या दिशेने जबरदस्तीने वाकवल्या जातात आणि फुगून वर येतात. कागदाची पट्टी प्रत्येक फ्रेमवर गुंडाळून लांबी घ्या, फळ्यांच्या संख्येने भागा. त्या जागी फळी तेवढीच रुंद हवी. ही रुंदी मूळच्या निम्म्याहून कमी येत असेल तर दोन फळ्यांच्या जागी एकच पुढे न्या. मागच्या बाजूला उलट होतं, जागा उरते, तिथे निमुळती पाचर-फळी घाला. आणि एक फळी डावीकडे लावली की एक उजवीकडे. एकच बाजू आधी पूर्ण केली तर ओढीने कणा पिळला जातो.

इतकं करूनही हल खडबडीत निघाला तर? किट दुहेरी फळ्यांचं असेल तर काळजी नको. पहिला थर पुट्टीने भरून घासा, वरचा पातळ थर सगळं झाकतो. पुट्टीची खरी जागा हीच. हल एकेरी असेल आणि पांढरा लाकडाचा गोंद वापरला असेल, तर सांध्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून थोडं थांबा; गोंद मऊ पडतो आणि फळी सोडवता येते. सुपरग्लूला हे लागू नाही. शिवाय तो उघड्या लाकडात मुरला की तिथे वूड स्टेन चढत नाही आणि फिकट डाग कायम राहतो.

प्लास्टिकचा हल

इथे सूचनापत्रकाचा क्रम हाच कधी कधी शत्रू असतो. ते सांगतं, हलचे दोन अर्धे जोडा आणि मग डेक बसवा. तुम्ही आधी सगळं मास्किंग टेपने कोरडं जुळवून बघा. हल मधे आत ओढला गेला असेल तर आतून स्प्रूचे (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचे) तुकडे आडवे चिकटवून तो हवा तेवढा फाकवा. डेकच्या कडेला पुट्टी भरली तर ती घासताना शेजारचं कोरीव तपशीलकाम जातं, म्हणून फट मुळातच पडू देऊ नका. मॉडेल स्टँडवर ठेवायचं असेल तर भोकं आणि आतले नट हल बंद करण्याआधी.

पाण्याच्या रेषेसाठी हल सपाट टेबलावर समतल बसवा, पेन्सिल ठरावीक उंचीच्या ठोकळ्यावर टेकवून भोवती फिरवा. हाताने अंदाजे आखलेली रेषा नाळेच्या बाकावर हमखास चढते. टेपखालून रंग झिरपत असेल तर टेपच्या कडेवर आधी खालचाच रंग फिरवा. तो फट बंद करतो, मग नवा रंग द्या.

धातूच्या फोटो-एच (पातळ पत्र्यातून रसायनाने कोरलेल्या) रेलिंगला सुपरग्लू लागतोच, पण सुईच्या टोकावर येईल तेवढाच. जास्त झाला की त्याच्या वाफेने आसपास पांढरट थर बसतो. म्हणून खिडक्यांच्या काचा पांढऱ्या गोंदानेच लावाव्यात. चुकीच्या जागी लागलेला सुपरग्लू काढायला ॲसिटोन वापरू नका, त्यात पॉलिस्टायरिन विरघळतं. मॉडेल लहान असेल तर काही तास फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीने गोंद ठिसूळ होतो आणि भाग बऱ्याचदा हलक्या झटक्याने सुटतो.

दोरखंड

शिडाच्या जहाजांत सगळ्यात जास्त डोकेदुखी इथे असते, आणि बरीचशी नको असलेल्या घाईमुळे. आडव्या काठ्यांवरच्या कप्प्या डोलकाठी उभी करण्याआधी बांधा. नंतर चिमटा पोचत नाही, आणि पोचला तरी तीन दोर तोडून पोचतो.

दोर सैल पडला म्हणून पुढचा आणखी ताणायचा, हा उपाय नव्हे. डोलकाठीला आधार देणारे दोर एका बाजूचे पूर्ण ताणले की काठी तिकडे झुकते आणि आधी बांधलेले ढिले होतात. डावा-उजवा, पुढचा-मागचा अशा जोड्यांनी बांधा, प्रत्येक जोडीनंतर नाळेसमोरून बघा. गाठी पक्क्या करायचं काम शेवटी. सुती दोरा हवेतल्या ओलाव्याने कमीजास्त होतो, त्यामुळे पॉलिएस्टर बरा.

चढायच्या शिडीसारख्या आडव्या दोऱ्या, म्हणजे रॅटलाइन, घट्ट आवळल्या की उभे दोर आत ओढले जाऊन मधे कंबर येते. मागे रेघा आखलेलं कार्ड लावा, मधल्या दोरांवर क्लोव्ह हिच गाठ मारा, पण ताण देऊ नका. कंबर आलीच असेल तर त्या दोऱ्या कापून परत बांधणं हाच उपाय. उभे दोर ताणून ती जात नाही.

दोराची जाडी निवडताना अनुभवी लोकही फसतात. जुन्या ब्रिटिश नौदलाच्या तक्त्यांत दोराचा आकार इंचांत दिलेला असतो, पण तो परीघ असतो, व्यास नव्हे. आकडा आधी ३.१४ ने भागा, मग स्केलने. बारा इंची दोर म्हणजे सुमारे ९७ मिलिमीटर व्यास. १:९६ वर तो एक मिलिमीटर होतो. हा भागाकार विसरला तर दोरा तिप्पट जाड येतो.