शेततळ्याचे पाणी मोजताना या चुका टाळा

शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ वाढवणाऱ्या अनेकांकडे आता पाणी तपासण्याचे संच आणि मीटर आले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही नियमित नोंदी ठेवणाऱ्यांचे मासे मरतात, आणि त्यांची वही उघडली की बहुतेक वेळा त्याच त्या चुका समोर येतात. उपकरण ठीक असते. पाणी कधी, किती खोलीवरून आणि कशाच्या जोडीने मोजायचे, एवढेच ठरवलेले नसते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे विरघळलेला प्राणवायू आपल्या सोयीने, ऊन वर आल्यावर मोजणे. समुद्रसपाटीला २५ अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात हवेतून लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. हिरव्या पाण्यातील सूक्ष्म शेवाळ उन्हात त्यात स्वतःची भर घालते, म्हणून दुपारी तीनला मीटर १२ किंवा त्याहून मोठा आकडाही दाखवते आणि पाहणारा निर्धास्त होतो. दिवस मावळला की ही निर्मिती थांबते, पण खर्च सुरूच राहतो. मासे, तळाचा गाळ आणि दिवसा प्राणवायू देणारे तेच शेवाळ रात्रभर तो वापरत राहतात, त्यामुळे दिवसातील सर्वांत कमी आकडा सूर्योदयाच्या थोडा आधी मिळतो. कटला, रोहू, मृगळ अशा कार्प गटातील माशांना ५ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक प्राणवायू मानवतो. ३ च्या खाली त्यांचे खाणे मंदावते आणि १ च्या जवळ ते गुदमरू लागतात. पाणी जितके हिरवे, तितकी दुपार आणि पहाट यांतील दरी मोठी.

सांगोला भागातील प्लॅस्टिक अस्तर केलेल्या एका शेततळ्याची गोष्ट मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो. तळे एका तरुण शेतकऱ्याचे होते, वही सुवाच्य होती आणि प्राणवायूचा आकडा एकदाही ७ च्या खाली गेलेला नव्हता. त्या वहीत तारखेचा रकाना होता, आकड्याचा होता, खाद्याचा होता. वेळेचा रकानाच नव्हता. सकाळी दहानंतर मोजले की आकडा स्थिर मिळतो, असे त्याला मीटर विकणाऱ्याने सांगितले होते, म्हणून डेअरीवर दूध घालून आल्यावर तो रोज मोजत असे. श्रावणात सलग काही दिवस आभाळ भरून राहिले. शेवाळाला ऊन मिळेना, दिवसाची कमाई घटली आणि रात्रीचा खर्च तेवढाच राहिला. त्याच वहीत आठवडाभर खाद्य उरत असल्याची नोंद होती, म्हणजे मासे आपल्या परीने सांगतच होते. एका पहाटे त्याचा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा झुंजुमुंजू होत होते. मोठे कटले पृष्ठभागावर तोंड वासून हवा गिळत होते, काही कडेला पांढरे पोट वर करून पडले होते आणि बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, मात्र अजून पोहत होती. वरच्या थरात मीटरने १ च्याही खालचा आकडा दाखवला, तळाशी जवळजवळ शून्य. त्याच दिवशी सकाळी अकराला पुन्हा मोजले असते, तर वहीत आणखी एक दिलासा देणारा आकडा चढला असता.

माझी पद्धत साधी आहे. पहाटे उजाडण्यापूर्वी बॅटरी घेऊन तळ्यावर जावे, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) सुरू असल्यास त्यापासून लांब उभे राहावे, एक आकडा हातभर खोलीचा आणि एक तळापासून फूटभर वरचा घ्यावा, आणि दोन्हींसमोर वेळ लिहावी. रोज जमत नसेल तर आभाळ भरून आल्यावर, पाणी गर्द हिरवे झाल्यावर आणि मासे खाद्य सोडू लागल्यावर तरी जावेच. पहाटे उठायची तयारी नसेल, तर दुपारी मोजून स्वतःची समजूत काढू नये. आकडा घसरलेला दिसला की खाद्य आणि शेणखत बंद करून पाणी उंचावरून फवारत सोडावे. बोअरचे पाणी पाइपने थेट तळाशी सोडल्यास उपयोग होत नाही, कारण भूगर्भातील पाण्यात मुळातच प्राणवायू कमी असतो.

दुसरी चूक अमोनियाची. संचातील रंगपट्टी एकूण अमोनिया दाखवते, पण माशाला मारक असतो तो त्यातील मुक्त अमोनिया, आणि त्याचा वाटा पाण्याच्या सामूवर (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) व तापमानावर ठरतो. २५ अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याहून थोडाच अधिक भाग मुक्त असतो; सामू ८ झाला की तो सुमारे ५ टक्के होतो आणि ९ झाला की एक तृतीयांशाच्या वर जातो. म्हणजे पट्टीवरचा तोच १ मिलिग्रॅमचा रंग एका तळ्यात निरुपद्रवी असतो आणि दुसऱ्या तळ्यात जीवघेणा ठरू शकतो. मुक्त अमोनिया ०.०५ मिलिग्रॅमच्या वर टिकून राहिला तरी कल्ल्यांना इजा होऊ लागते आणि वाढ खुंटते. सामूशिवाय लिहिलेला अमोनियाचा आकडा मी वाचतच नाही.

येथेही वेळ महत्त्वाची आहे, मात्र उलट दिशेने. शेवाळ दिवसभर पाण्यातील कार्बन डायऑक्साइड शोषते, त्यामुळे हिरव्या तळ्याचा सामू दुपारनंतर ९ पर्यंत चढतो. प्राणवायूचा धोका पहाटेचा, अमोनियाचा दुपारचा. हे न समजता ‘पाणी खराब दिसते’ म्हणून भर उन्हात चुना टाकणारे लोक मी पाहिले आहेत. चुन्याने सामू आणखी चढतो आणि तोवर निमूटपणे असलेला अमोनिया काही तासांत विषारी होतो. चुना उपयोगी आहे, पण अमोनिया आणि सामू मोजल्याशिवाय त्याचे पोते उघडण्याची घाई मला अक्षम्य वाटते.

प्राणवायू तपासण्यासाठी पाणी बाटलीत भरून तालुक्याला पाठवणे व्यर्थ आहे. वाटेत बाटलीतील जीव प्राणवायू वापरत राहतात, आणि अर्धवट भरलेली बाटली हिंदकळली तर हवाही मिसळते. मीटर नसेल तर विंकलर पद्धतीने काचेच्या बुचाच्या बाटलीत, बुडबुडा न ठेवता, काठावरच मॅंगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालावे. बाटलीत तयार होऊन खाली बसणारा साका तपकिरी झाला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर नाही, एवढे तरी जागीच कळते. नेमका आकडा पुढे प्रयोगशाळेत काढता येतो.

टीडीएस मीटर केवळ विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. त्यावरून पाणी माशांसाठी चांगले आहे असे म्हणता येत नाही.

सामूचे मीटर ७ आणि ९ किंवा १० च्या बफर द्रावणांत (ठरलेला सामू असलेल्या द्रावणांत) नियमित तपासावे, त्याचे टोक कोरडे ठेवू नये आणि डिस्टिल्ड पाण्यातही बुडवून ठेवू नये. पडदा असलेले प्राणवायूचे प्रोब पाण्यात हलवत धरावे, कारण ते स्वतः प्राणवायू वापरते आणि स्थिर धरल्यास आकडा कमी दाखवते. महाबळेश्वरसारख्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाण्यात सुमारे १५ टक्के कमी प्राणवायू विरघळतो. मीटरमध्ये उंची भरायला विसरू नये.

‘मरळ आणि मागूर जिवंत आहेत, म्हणजे पाणी ठीक आहे’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. हे मासे वर येऊन थेट हवेतून श्वास घेतात. चिलापीही इतरांपेक्षा बरेच सोसते. तळाच्या गाळात केवळ लाल अळ्याच सापडू लागल्या, तर तो कमी प्राणवायूचा जुना आणि भरवशाचा संकेत आहे.

मासे मेल्यावर दुपारी, मेलेले मासे काढून टाकून, मग नमुना घेणे ही शेवटची आणि सर्रास होणारी चूक. आधी कोणते मासे मेले ते लिहावे: मोठे आधी गेले आणि छोटे तगले तर प्राणवायूचा संशय घ्यावा; सर्व आकारांचे एकदम गेले तर विषाचा. मरणाऱ्या, पण अजून जिवंत असलेल्या माशाचे कल्ले उचलून पाहावेत. रक्त तपकिरी दिसले तर नायट्राइट मोजावे. बाहेरून पाणी येत असेल तर त्या तोंडाजवळचा आणि तळ्याच्या मध्याचा असे दोन वेगळे नमुने बर्फात ठेवावेत, त्यांवर वेळ लिहावी आणि त्याच दिवशी पोहोचवावेत.